आमची सून कंप्युटरवर हाय

रोहिणी आमच्या घरात लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आईने तिच्या हातात मूगडाळीची पिशवी दिली आणि फळीवरचा स्टीलचा डबा दाखवून म्हणाली, "त्यात वत. रिकामाच हाय." रोहिणीने डबा खाली काढला, झाकण उघडून आत डोकावली, डबा उपडा करून बुडावर दोन थापा मारल्या आणि मग डाळ ओतली. आई माझ्याकडे बघून हसली. मी नाही हसले. रिकामा आहे म्हणून सांगितल्यावरही परत बघायचं म्हणजे आमच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही, असं माझ्या मनात आलं.

पुढे कळलं, तिची ती सवयच होती. दुधाचं पातेलं, पाण्याची कळशी, कपड्यांची बादली, कशातही काही घालायच्या आधी ती बघायची. माझ्या ऑफिसच्या बॅगेत जेवणाचा डबा ठेवतानाही विचारायची, "अक्का, आत काय हाय का आधीचं?"

ती मला अक्का म्हणायची. रोहिणी अणदूरची. तिकडे कर्नाटकाच्या अंगाला मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. आमच्या येडशीत मला मनी म्हणणारे होते, ताई म्हणणारे होते, अक्का म्हणणारं कोणी नव्हतं. तो शब्द मला आवडायचा. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही.

माझं थोडं आधी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे अण्णा रेल्वेत गेटमन होते. आम्ही दोघं भावंडं, मी मोठी आणि रोहिणीचा नवरा नितीन धाकटा. आमच्या गल्लीत कंप्युटर शिकलेली पहिली मुलगी मी. धाराशिवला पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत मला नोकरी लागली, तेव्हा अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्टेशनवर, टपरीवर, रामलिंगच्या वाटेवर, कोणीही भेटो, अण्णा सांगायचे, "आमची मनी कंप्युटरवर हाय." माझं लग्न एकदा जमून मोडलं. नंतर जमलं नाही, मग मीच नको म्हणाले. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, कारण बोलायला अण्णांकडे ते एक वाक्य होतं. ते वाक्य होतं तोवर मला कशाची उणीव वाटत नव्हती.

संस्थेत मी एक कोठार उभं केलं होतं. त्याचं खरं नाव डेटा वेअरहाउस, पण ऑफिसात सगळे कोठारच म्हणत. गावोगावी आमची माणसं विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजतात. कोणी मोबाईलवरून आकडा पाठवतं, कोणी महिन्याची शीट भरून देतं. पाऊस किती पडला, टँकर किती आले, हेही येतं. ते सगळं एका जागी, एका साच्यात आणून ठेवायचं, म्हणजे कोणत्या गावाला उन्हाळ्यात आधी पाणी लागणार हे अंदाजाने नाही, आकड्याने सांगता येतं. जिल्ह्याच्या बैठकीत टँकरची यादी ठरताना आमच्या कोठारातला कागद बघितला जायचा. ते माझं काम होतं. दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं, आणि मला ते बरं वाटायचं.

नवीन गाव जोडायचं म्हणजे त्या गावाचं एक फोल्डर करायचं. त्यात छोट्या छोट्या कॉन्फिगरेशन फायली: आकडे कुठून येणार, फुटात की मीटरमध्ये, कोणत्या तक्त्यात भरायचे, आधीचं ठेवून भरायचं की आधीचं पुसून भरायचं, सर्व्हरचा पासवर्ड काय. मशीन हे वाचतं आणि तसं वागतं. मी दरवेळी जुन्या एखाद्या गावाचं फोल्डर कॉपी करायचे, नावं बदलायचे आणि पुढे जायचे. हात बसला होता.

त्या वर्षी संस्थेला बरीच नवीन गावं एकदम जोडायची होती आणि माझ्या जोडीला माणूस हवं होतं. रोहिणी सोलापूरला एमसीए झालेली. जेवताना अण्णाच म्हणाले, "मने, तुज्या हापिसात बघ की हिच्यासाठी. शिकल्याली पोरगी घरी कशाला बसवायची?" मी "बघते" म्हणाले. चार-दोन दिवस काही केलं नाही. मग नितीनने विचारलं, मग आईने विचारलं, मग मी तिचा अर्ज आमच्या बिराजदार सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तिला तासभर बोलत बसवलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मनीषा, ही तुझी भावजय आहे हे आधी सांगायचं नाही का? रत्न आहे." मला सर कधी रत्न म्हणाले नव्हते. मी त्यांच्याकडे सात-आठ वर्षं काम करत होते.

आम्ही दोघी येडशीहून एकाच एसटीने जायला लागलो. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तिने मला हळूच विचारलं, "अक्का, नव्या गावासाठी कोरी फाईल कुठाय?"

"कोरी कशाला? येडशीची कॉपी कर, नाव बदल. मी तसंच करते."

"आन् येडशीचं काही राहून गेलं तर?"

"मी बघते की सगळं."

"तुम्ही बघता वो. उद्या दुसऱ्या कुणी केलं तर?"

"दुसरं कोण करणार?"

हे मी जरा जोरातच म्हणाले. मग तिने आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर वाढली आणि विषय बदलला. मला ती चटणी आवडते हे तिने एवढ्यात हेरलं होतं.

तिने गाजावाजा केला नाही. कामाच्या मधल्या वेळात ती एक लहानसा प्रोग्राम लिहीत राहिली. त्याला नाव दिलं 'सुरुवात'. तयार झाल्यावरही आधी मलाच दाखवला. गावाचं नाव टाकलं की तो प्रश्न विचारायचा. आकडे मोबाईलवरून येणार की शीटमधून? फुटात की मीटरमध्ये? पाठवणारं कोण? मग कोणत्या फायली कुठे तयार होणार ते पडद्यावर मांडायचा आणि खाली लिहायचा, 'अजून काहीही लिहिलेलं नाही. लिहू का?' हो म्हटलं तरच लिहायचा. एखादं उत्तर माहीत नसेल तर तिथे 'भरायचं आहे' असं ठेवायचा, आणि ते भरलं जाईपर्यंत त्या गावाचे आकडे कोठारात येऊच द्यायचा नाही. त्या नावाची फाईल आधीच असेल तर हात लावायचा नाही, तसं सांगून थांबायचा.

"पासवर्ड कुठं गेला?" मी विचारलं.

"फायलीत न्हाय ठेवला अक्का. तो कुठून घ्यायचा येवढंच लिवलंय. तुमच्या सगळ्या फोल्डरात एकच पासवर्ड हाय बघा. उद्या कुणाला एक फोल्डर मेल केलं तर त्याच्यासंगं किल्ली पण जाती. किल्ली कुलपालाच लटकवू न्हाय."

"आणि गडबड असली तर? एवढे प्रश्न कोण वाचत बसणार?"

"गडबडीतच तर लागतंय ते. निवांत असल्यावर माणूस बघतंयच की."

तिचं सगळं बोलणं असं. भांडायला जागाच ठेवायची नाही. सर आले, त्यांनी बघितलं, हिशेबाचे जोशीकाका आले, शिपाईमामासुद्धा वाकून बघून गेले. सरांनी विचारलं, "एवढं विचारून विचारून लिहायचं कुठं शिकलीस?" ती हसून म्हणाली, "आमच्या अणदूरचा खंडोबा थोडे दिवस नळदुर्गाला जातो, सर. देव असला तरी तसाच उचलून नेत न्हाईत. दोन्ही गावचे मानकरी बसतेत, लेखी करार होतो, मग देव हालतो. फायलीची काय कथा?" सगळे खळखळून हसले. मीही हसले. आत मात्र काहीतरी करपल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून मी एक उद्योग सुरू केला. सगळे जेवायला गेले की तिचा प्रोग्राम उघडायचा आणि तो कुठे चुकतो ते शोधायचं. गावाच्या नावात मधे रिकामी जागा टाकून बघ, नाव अर्धंच टाक, मराठीत टाक, इंग्रजीत टाक, प्रश्नांना भलतीच उत्तरं दे. आठवड्याने एकदा सापडलं. नावाच्या शेवटी रिकामी जागा राहिली तर तो त्याच गावाला दुसरं गाव समजत होता. मला इतका आनंद झाला की मी तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून पाणी प्यायला उठले. कोणापुढे आणि कसं सांगायचं ते मी मनात घोळवत होते, तर दुसऱ्या दिवशी एसटीत रोहिणीच म्हणाली, "अक्का, तुम्ही नावाच्या शेवटी जागा सोडून बघितली व्हती ना? प्रोग्रामच्या नोंदीत दिसलं मला. लई बरं झालं, तिथं चुकतच व्हतं. दुरुस्त केलं. अजून बघत जावा." मी खिडकीबाहेर तोंड केलं. मी तिची चूक काढायला गेले आणि तिचं काम पक्कं करून आले होते.

ऑफिसचं एक वेळ ठीक होतं. घरातलं मला सोसत नव्हतं. अण्णांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला दरवर्षी मी मोबाईलवर भरून द्यायचे. त्या वर्षी मी घरी आले तर अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "झाला बरं का दाखला. रोहिणीनं केला. तुला कामून तरास द्यायचा?" त्रास द्यायचा नाही म्हणून माझं एक काम माझ्याकडून गेलं. आईच्या तोंडीही रोहिणी. शेजारची कोणी पोरगी परीक्षेचा फॉर्म भरायला आली तर "रोहिणीवैनी हायत का?" मी दारात उभी असले तरी.

तेरखेड्याला आमच्या एका नात्यातलं लग्न होतं. तेरखेडा म्हणजे फटाके बनवणारं गाव, तिथल्या लग्नात फटाक्यांना तोटा नाही. नवरदेव मांडवात आला तेव्हा कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. मग आवाज थांबला आणि त्या शांततेत मला मागून अण्णांचा आवाज आला. कोणा पाहुण्याला सांगत होते, "ही आमची सून. कंप्युटरवर हाय, लई हुशार." थोडं थांबले आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् ही थोरली. ती पण तिथंच असती."

ती पण तिथंच असती.

मी त्या मांडवात जेवले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. रोहिणी पानावरून उठून आली आणि माझ्या शेजारी बसली. "अक्का, गोळी आणू का?" तिने खरंच विचारलं, मनापासून विचारलं. तिच्यात कुठे खोट असती तर माझं सोपं झालं असतं. मी तिच्याकडे बघून म्हणाले, "तू जा. तुझं ताट निवतंय."

मग उन्हाळा आला आणि ती वडगावची गोष्ट झाली.

वडगाव नावाची गावं आपल्याकडे पैशाला पासरी. आमच्या कोठारात एक वडगाव कितीतरी वर्षांपासून होतं. तिथे सोजरबाई नावाच्या बाई विहीर मोजायच्या. उन्हातान्हात, सणावाराला, पाऊस असला तरी टेपला दगड बांधून विहिरीत सोडायच्या आणि फोन करून फुटात आकडा सांगायच्या. त्यांचा खाडा कधी नसायचा. जिल्ह्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी बिराजदार सरांकडे नव्या गावांची शेवटची शीट आली. त्यात वडगाव होतं. आम्ही दोघी दुसऱ्या खोलीत यादी काढत होतो, म्हणून सर स्वतःच संगणकावर बसले आणि त्यांनी 'सुरुवात' उघडून वडगाव टाकलं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला.

"रोहिणी! तुझा हा प्रोग्राम नाही म्हणतोय."

आम्ही गेलो. पडद्यावर लिहिलं होतं, 'वडगाव या नावाचं फोल्डर आधीच आहे. मी काहीही बदललेलं नाही.'

"बरोबर हाय की सर," रोहिणी म्हणाली. "वडगाव आपल्याकडं हाय आधीच. हे तेच हाय का दुसरं, ते बघू आधी."

"उद्या सकाळी बैठक आहे, बघत काय बसता? नवीन शीट आली आहे, नवीन टाकायचं. ह्याला जबरदस्तीने लिही म्हणून सांगायची काही सोय असेल ना?"

"न्हाय सर. तशी सोयच ठेवली न्हाय."

"का?"

"ठेवली की वापरली जाती, सर."

सर चिडलेले मी फार कमी वेळा बघितले आहेत. त्या दिवशी ते लाल झाले. "मग काय देवाचा करार करत बसू इथे? मनीषा, तू कर. तुझ्या जुन्या पद्धतीने कर. दोन मिनिटांचं काम आहे."

खोटं का सांगू, त्या क्षणी मला जे वाटलं ते मला फार दिवसांत वाटलं नव्हतं. सगळं ऑफिस दारात उभं होतं. रोहिणी खुर्चीच्या शेजारून बाजूला झाली आणि मी बसले.

"अक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "बघून करा तेवढं."

"मला शिकवू नको," मी म्हणाले.

मी एका गावाचं फोल्डर कॉपी केलं, त्याला वडगाव नाव दिलं, आतल्या फायलींत नव्या शीटचा पत्ता टाकला आणि ते उचलून कोठाराच्या जागी नेऊन ठेवायला गेले. संगणकाने विचारलं, याच नावाच्या फायली इथे आहेत, त्या बदलायच्या का? हा प्रश्न मी पूर्वी शेकडो वेळा बघितला होता. त्याचं 'हो' कुठे असतं हे माझ्या बोटाला पाठ होतं. पण या वेळी बोट थांबलं. रोहिणीमुळे थांबलं असं मी म्हणणार नाही. ती मागे उभी होती आणि बोलत नव्हती, एवढं खरं. मला सोजरबाईंचा आवाज आठवला. "हालो, वडगाववरनं बोलायलेय" असं त्या कितीही ओळख झाली तरी दरवेळी सांगायच्या.

मी 'नाही' दाबलं आणि जुनी फाईल उघडली. पाठवणार सोजरबाई, तालुका तुळजापूर, मोजमाप फुटात. मग नवी शीट उघडली. तिच्या कोपऱ्यात तालुका लिहिला होता, भूम.

"सर, ही दोन वेगळी गावं आहेत," मी म्हणाले. "आणि ह्या शीटमध्ये फूट की मीटर ते लिहिलेलंच नाही."

सरांनी तिथूनच नव्या गावाच्या ग्रामसेवकाला फोन लावला. स्पीकरवर उत्तर आलं, "मीटर साहेब. आमी मीटरमधीच लिवतो."

मी ज्या गावाचं फोल्डर कॉपी केलं होतं, त्यात फूट होतं आणि 'आधीचं पुसून भर' असं होतं. म्हणजे मी 'हो' दाबलं असतं तर सोजरबाईंच्या इतक्या वर्षांच्या नोंदी पुसल्या जाऊन त्यांच्या गावाच्या नावावर भूमच्या गावाचे आकडे बसले असते, आणि तेही मीटरचे आकडे फूट म्हणून. बारा मीटर खोल गेलेलं पाणी कागदावर बारा फुटांवर दिसलं असतं. भर उन्हाळ्यात तुडुंब विहीर. दुसऱ्या दिवशी टँकरच्या यादीतून ते गाव कोणीही निर्धास्तपणे काढून टाकलं असतं. जुन्या नोंदींची दुसरी प्रत होती, पण ती कधीची हे आमच्यापैकी कोणालाच छातीठोक सांगता आलं नसतं.

सर खुर्चीत बसले आणि रुमालाने तोंड पुसत राहिले. जोशीकाका उशिरा आले, त्यांनी विचारलं, "काय झालं? कोणी पकडलं?"

"अक्कांनी," रोहिणी म्हणाली. लगेच, कोणाला बोलायला वेळ न देता.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "शाबास मनीषा." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मी तिथे बसून जळत होते. तिचा प्रोग्राम थांबला नसता तर सरांनी मला हाक मारलीच नसती, वडगावचं काय व्हायचं ते होऊन गेलं असतं, हे तिलाही माहीत होतं. तरी तिने ते श्रेय उचलून माझ्या ओंजळीत घातलं. ते मला परतही करता येईना आणि ठेवूनही घेता येईना. तिने मला धड हेवासुद्धा करू दिला नाही.

संध्याकाळी एसटीत ती म्हणाली, "अक्का, गावाच्या नावासंगं तालुका पण इचारायला पायजे व्हता. माझ्या ध्यानातच आलं न्हाय. तुमच्या डोक्यात गावं हायत सगळी. अजून कुठली एका नावाची हायत, सांगाल?" मी तिला येडशी येईपर्यंत गावं सांगत गेले. पिंपळगाव, चिंचोली, हिप्परगा. ती ऐकत होती आणि मला वाटत होतं, आता हेही हिचं होणार.

त्यानंतर वर्षभराने परभणीकडच्या एका संस्थेची माणसं आमचं काम बघायला आली. कोठार मी दाखवलं. कसं सुरू केलं, आकडे कुठून येतात, नकाशा कसा निघतो, सगळं. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी 'सुरुवात' बघितली आणि त्यांच्यातल्या एका बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे कोणी केलं?" पुढचा सगळा वेळ त्या रोहिणीशी बोलत होत्या. मी चहाचं बघायला उठले.

त्यांना तिकडे असंच कोठार उभारायचं होतं आणि आमच्याकडचं एक माणूस काही वर्षांसाठी हवं होतं. सरांनी मला आत बोलावलं. आत जाताना मी ओढणी नीट केली, हे मला आठवतं. मला वाटलं, कोठार माझं, म्हणजे मला विचारणार. परभणीत कुठे राहायचं याचा मी विचारही केला होता.

सर म्हणाले, "तुझं मत काय? रोहिणीला पाठवावं का? घरचाही प्रश्न आहे म्हणून तुला विचारतो."

मी म्हणाले, "पाठवा. तिच्याइतकं कोणी करणार नाही."

ते खरंच होतं. आणि ती गेली की ऑफिसही परत माझं आणि घरही परत माझं, हेही माझ्या मनात होतंच. नितीन ठिबकचं सामान विकतो, त्याला परभणीतही काम मिळालं.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे येडशी स्टेशनवर गेलो. अण्णा जुन्या ओळखीच्या एका रेल्वेवाल्याशी बोलत उभे राहिले, आई नितीनला दुसऱ्यांदा तेच तेच सांगत होती. रोहिणी आणि मी बाकावर. गाडीला उशीर होता. रोहिणी म्हणाली, "अक्का, एक सांगू? रागवू नका."

"सांग."

"मला तुमचा लई राग यायचा."

मी तिच्याकडे बघितलं. तिने पदराचा काठ बोटाला गुंडाळला होता.

"तुम्ही घरात आलात, चप्पल काढली की अण्णा टीव्हीचा आवाज कमी करतेत. तुम्ही काय बोलणार ते ऐकू यावं म्हणून. रोज. तुम्ही काही बोलत न्हाईत, सरळ आत जाता, तरी कमी करतेत. मी तुमच्या मागंच असायची. माझ्यासाठी कधी केला न्हाय. मला कामं सांगतेत, माझं कौतुक करतेत, पर सून म्हणून. मी म्हणायची, काय हाय येवढं ह्यांच्यात? म्हणून तर हापिसात येवढं जीव तोडून करायची. म्हणलं, निदान तिथं तरी."

मी म्हणाले, "मला कधी दिसलं नाही ते."

"तुमची पाठ असती ना तिकडं," ती म्हणाली.

तेवढ्यात गाडी आली. नितीनने पिशव्या चढवल्या. रोहिणी अण्णांच्या, आईच्या पाया पडली आणि माझ्या पायाशी वाकायला लागली तेव्हा मी तिला वर ओढलं. आम्ही एकमेकींना धरून क्षणभर उभ्या राहिलो. गाडी हलली तशी ती दारातून ओरडली, "अक्का, भूमकडची गावं बघून जोडा!" आणि हात हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीने गेले, एकटीच परत आले. दारात चप्पल काढली. आत बातम्या लागल्या होत्या. मी सरळ आत न जाता उंबऱ्यात थांबले आणि मागे वळून बघितलं. अण्णांनी माझ्याकडे मान वळवली नाही. डोळे टीव्हीकडेच होते. पण हात चाचपत चाचपत रिमोटकडे गेला, बातम्या सांगणाऱ्याचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि अण्णा गप्प, कान माझ्याकडे लावून बसून राहिले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. किती वर्षं चाललं होतं हे, देव जाणे. आणि तिथे बसल्याबसल्याच, कुठूनसं, तेच जुनं दुखणं वर आलं, की हेसुद्धा माझ्याआधी तिलाच दिसलं.